टपालवालीचा चौथा पाय

अक्का येऊन चार दिवस झाले, तरी ज्या कामासाठी ती आली होती त्याला अजून हात लागला नव्हता. विमानात बसल्यापासून तिने वाक्य घोकून ठेवलं होतं. 'बाबा, दीड वर्ष पुष्कळ झालं. आता माझ्याबरोबर घरी चला.' इतकं सोपं. पण बाबा सापडले तर ना! सकाळी सातला ते निळा कोट चढवून समोरच्या कार्यशाळेत जायचे. दुपारी जेवायला यायचे तेही लेथच्याच गप्पा घेऊन. आणि संध्याकाळी आंघोळ करून जे आडवे व्हायचे ते थेट सकाळीच उठायचे. एकाहत्तराव्या वर्षी माणसाला नव्याने नोकरी लागावी तसं झालं होतं, आणि नोकरी तरी कसली, बिनपगारी!

आई गेल्यावर सहा महिन्यांत बापूने आणि वहिनीने एका सेवाभावी संस्थेतर्फे परदेशातली ही दोन वर्षांची सेवा पत्करली, तेव्हा घरात उडालेला भडका अक्का विसरली नव्हती. बापू तिचा धाकटा भाऊ. सहाव्या वर्षीच म्हाताऱ्यासारखा बोलायचा म्हणून बापू. तो कृत्रिम पाय बनवायचा आणि वहिनी ते लावून लोकांना चालायला शिकवायची. दोघांनी जायचं ठरवलं, ते एक वेळ ठीक. पण जन्मभर कारखान्यात लेथ चालवलेले बाबाही, 'मी काय घरात बसून भिंती बघू?' असं म्हणून त्यांच्या मागोमाग निघाले. मागे राहिली अक्का, तिचा शिवणवर्ग आणि तीन रिकाम्या खोल्या. 'तू येतेस का?' असं तिला कोणी विचारलं नव्हतं. ती नाहीच म्हणाली असती. पण विचारायला काय जात होतं?

पाचव्या दिवशी दुपारी विषय निघाला. तो काही तिने काढला नाही.

बापू जेवायला आला तो हातात कागद घेऊनच. हातही न धुता खुर्ची ओढून बसला.

"शुक्रवारी मोठ्या बाई येतायत," तो म्हणाला. "मुख्य कार्यालयातून."

"कशाला?" वहिनीने वाढता वाढता विचारलं.

"कार्यशाळा ठेवायची की बंद करायची, ते ठरवायला."

वहिनीचा हात तसाच राहिला. संस्थेचा नियम अक्काला आता पाठ झाला होता. सेवेला आलेली माणसं दोन वर्षांनी परत जातात. तोवर इथल्या कोणाला तरी काम पूर्ण शिकवून कार्यशाळा त्याच्या हवाली करायची. तसं कोणी तयार झालं नाही, तर कुलूप घालून यंत्रं दुसऱ्या गावी हलवायची. बापूने तयार केलं होतं ते एका तिशीच्या बाईला. ती आधी फाटकं आणि जिन्यांचे कठडे वेल्डिंग करायची. बाबा तिला वेल्डरीण म्हणत, आणि आता तीही त्या हाकेला ओ देऊ लागली होती.

"पण आपण वेल्डरणीचं नाव कधीच कळवलंय," वहिनी म्हणाली.

"आपलं पत्र पोचायच्या आधी दुसरं पोचलं. टपालवालीचं." बापूने कागद उलटा केला आणि वाचायला लागला. "'मला आठ महिन्यांत तीन पाय मिळाले. तिन्ही कपाटात आहेत. कार्यशाळेतली माणसं चांगली आहेत, गेलं की चहा देतात. पण मला चहा नको, पाय हवा.'"

बाबा खो खो हसले. "बाई खमकी आहे हो!"

"हसताय काय बाबा? तिन्ही वेळा इथे माझ्या डोळ्यांसमोर पाय चपखल बसला. ती आधाराच्या दांड्यांमधून दहा फेऱ्या मारून गेली. आणि तिसऱ्या दिवशी कुबड्या घेऊन पुन्हा हजर, दुखतंय म्हणून. मला तर वाटतं, तिला चालायचंच नाहीये."

"ती खोटं बोलत नाहीये," वहिनी म्हणाली. "तिची नडगी मी पाहिलीय. कातडी सोलवटलीये."

"मग तू सांग, कुठे चुकतंय!"

"ते मला कळलं असतं तर तीन पाय झाले असते का?"

"मी म्हणतो, पेल्याचा काठ जरा खाली घेऊन बघ," बाबा मध्येच बोलले. उरलेला पाय ज्यात बसतो, त्या वरच्या भागाला ते सगळे पेला म्हणायचे.

"बाबा, तुम्ही लेथ बघा ना! वेल्डरणीला मी एक सांगतो, तुम्ही दुसरंच सांगता. तिने ऐकायचं कोणाचं?"

"तिला बाबांचं कळतं," वहिनी शांतपणे म्हणाली. "ते करून दाखवतात. तू भाषण देतोस."

अक्काला वाटलं, हीच वेळ आहे. "म्हणूनच मी म्हणते, बाबांना मी घेऊन जाते. बापूने नाहीतरी मला—"

बोलता बोलता तिने जीभ चावली. पण उशीर झाला होता.

"बापूने काय?" बाबांनी विचारलं.

अक्काने मग झाकपाक केली नाही. "बापूने मला लिहिलं होतं. तुम्ही थकलाय, हात थरथरतात, मध्ये चक्करही आली होती. येऊन घेऊन जा म्हणाला."

"मला न सांगता लिहिलंस?" वहिनी नवऱ्याकडे वळली.

अक्काने चार दिवस मनात घराचे दोन तट पाडून ठेवले होते. अलीकडे ती एकटी आणि पलीकडे ही तिघं. आता बघते तो तट भलतेच निघाले. सासरा आणि सून एका बाजूला, बापू दुसऱ्या बाजूला. आणि ती स्वतः नको असताना बापूच्या शेजारी येऊन उभी.

बाबांनी चमचा खाली ठेवला. "चक्कर एकदा आली, तीही उपाशीपोटी. आणि हात थरथरतात ते लेथ बंद असताना. चालू असला की नाही थरथरत." ते उठले आणि दारापाशी थांबले. "मला न्यायला माणूस बोलावलात. मला विचारायला मात्र कोणाला सवड झाली नाही."

ते गेले. तेच गाऱ्हाणं दीड वर्ष अक्काने उराशी धरलं होतं, आणि आज बाबा तिलाच ते ऐकवून गेले होते.

मंगळवारी सकाळी ती बाबांच्या मागोमाग कार्यशाळेत गेली. घरात वहिनीची मुकी आदळआपट चालली होती, त्यापेक्षा लेथचा आवाज बरा.

कार्यशाळा म्हणजे एके काळी गाड्या दुरुस्त करायची लांबट खोली. एका भिंतीला भट्टी, दुसऱ्या भिंतीला लेथ, मधे धरून चालायच्या दोन दांड्या आणि समोर माणूसभर उंचीचा आरसा. जमिनीवर प्लास्टरची पांढरी धूळ. बाबा कोणाशी न बोलता कानस चालवत होते. अक्का त्यांच्या शेजारी स्टुलावर बसली. त्यांनी 'बस' म्हटलं नाही आणि 'जा'ही म्हटलं नाही.

टपालवाली आली. चाळिशीची, रुंद खांद्यांची, दोन काखांत कुबड्या. सव्वा वर्षापूर्वी मागे येणाऱ्या ट्रकखाली तिचा डावा पाय गुडघ्याखाली गेला होता. त्याआधी अकरा वर्षं ती चढावरच्या वस्तीला पत्रं पोचवायची. तिथे गाडी जात नाही, एकशे चाळीस पायऱ्या आहेत. आता कचेरीने तिला खिडकीमागे शिक्के मारायला बसवलं होतं, आणि वस्तीतली म्हातारीकोतारी माणसं पत्रासाठी खाली उतरत होती. टपालाचा कोट मात्र तिने अजून सोडला नव्हता. त्याची सगळी बटणं लावलेली होती.

बापूने तिला उंच स्टुलावर बसवलं, पँट वर दुमडली, उरलेल्या पायावर ओला पातळ मोजा चढवला आणि शाईची पेन्सिल घेऊन गुडघ्यापाशी वाकला. हाड कुठे टोचतं, भार कुठे घेता येतो, तिथे तिथे खुणा करायच्या, मग प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या गुंडाळून साचा घ्यायचा. वेल्डरीण पाण्याचं घमेलं घेऊन बाजूला उभी होती.

अक्का पायाकडे बघतच नव्हती. अठ्ठावीस वर्षं बायकांची मापं घेतल्यावर नजर आपोआप जिथे जाते तिथे ती गेली. खांद्यांवर. बापू वाकला तसे टपालवालीचे खांदे कानांपर्यंत चढले. जबडा आवळला. कोटाची कड दोन्ही मुठींत घट्ट धरलेली. बापू पट्टी भिजवायला वळला आणि एका क्षणात सगळं सैल. तो पुन्हा वाकला, पुन्हा तेच.

"बापू, थांब."

"अक्का, प्लास्टर भिजलंय."

"भिजू दे. तू बाहेर जा."

"काय?"

"दोन मिनिटं बाहेर जा आणि वहिनीला आत पाठव. बाबा, तुम्हीसुद्धा."

बाबांनी कानस ठेवली. बापू काहीतरी बोलणार होता, पण लहानपणी ज्या आवाजाला त्याने कधी उलट उत्तर दिलं नव्हतं, तो आवाज होता. दोघं गेले.

वहिनी धावतच आली. अक्काने पर्समधून टेप काढला. तो नेहमी तिथेच असायचा. "हिला सांग, बापू गेलाय. आता इथे आपण चौघी बायकाच. आणि मी शिंपीण आहे, डॉक्टर नाही."

वहिनीने तिच्या भाषेत सांगितलं. टपालवालीने अक्काकडे नीट निरखून बघितलं आणि काहीतरी विचारलं.

"विचारतेय, हा कोट आवळून देता येईल का. बसून बसून पाठीत सैल झालाय म्हणे."

"देईन की. आधी पाय." अक्का गुडघे टेकून खाली बसली आणि पोटरीच्या जागी टेप गुंडाळला. "लिही. तीस पूर्णांक दोन. आता बापूला आत बोलाव. काही करायला नको म्हणावं, फक्त पेन्सिल घेऊन इथे वाक."

बापू आला, वाकला. टेप अक्काच्या बोटांत ताणला. तिने आकडा भावाला दाखवला. एकतीस पूर्णांक एक.

वेल्डरणीला भाषांतर लागलंच नाही. तिने कपाळावर हात मारून घेतला.

"जवळजवळ एक सेंटिमीटर," वहिनी हळूच म्हणाली. "तू साचा घेतोस तो आवळलेल्या पायाचा. इथे तुझ्यासमोर घालून बघते तोही आवळूनच, म्हणून चपखल बसतो. घरी गेली की पाय सैल सुटतो, पेल्यात खाली घसरतो, आणि नडगी..."

पुढचं तिला बोलावं लागलं नाही. तिने टपालवालीला विचारलं, हे तुम्ही आम्हाला सांगितलं कसं नाहीत? टपालवालीने नजर आरशाकडे वळवली. मग बोलली, आणि वहिनीने ते जसंच्या तसं मराठीत सांगितलं. "हा पाय मी माझ्या सख्ख्या बहिणीलाही दाखवलेला नाही. आणि हा भला माणूस खाली बसून त्याला हात लावतो. मला वाटतं, कधी एकदा उरकतंय. मी आवळते हे मलाही ठाऊक नव्हतं."

बापू बाहेर जाऊन पायरीवर बसला. अक्का मागोमाग गेली.

"पंधरा वर्षं मी प्रत्येकाला सांगतोय, स्नायू सैल सोडा," तो म्हणाला. "हिलाही सांगितलं. दर वेळी."

"सांगून सैल सुटतं होय? तुला कोणी 'शांत हो' म्हटल्यावर तू झालायस कधी शांत?"

त्याला हसू आलं नाही. "मी म्हणत होतो, तिला चालायचंच नाही. आठ महिने असं म्हणत होतो, अक्का." ती त्याच्या शेजारी टेकली. खूप दिवसांनी दोघं असे एका पायरीवर बसले होते.

"साचा वेल्डरणीला घेऊ दे," ती म्हणाली.

"तिने आत्तापर्यंत पाच केलेत, सगळे सोपे. ही केस अवघड आहे. शुक्रवारी बाई येतायत, आणि हा बिघडला तर कुलूप."

"तू तीन केलेस ना रे याच पायाचे?"

मागून बाबांचं हसू फुटलं. ते दाराआड उभे राहून सगळं ऐकत होते. कालपासून त्यांचा तो पहिला आवाज. बापूने वळून बघितलं, मान हलवली, उठला, आत गेला आणि शाईची पेन्सिल वेल्डरणीच्या हातात दिली. काही न बोलता. त्याच्यासारख्या बोलघेवड्याने काही न बोलणं म्हणजे केवढी गोष्ट, ते तिथल्या सगळ्यांना कळलं.

साचा घेताना दोन्ही पुरुष बाहेर. अक्काने टपालवालीसमोर स्टूल ओढलं आणि सरळ मराठीत सुरुवात केली. एका गिऱ्हाईक बाईने ब्लाऊज पाच वेळा उसवायला लावला आणि सहाव्यांदा म्हणाली, पहिलाच बरा होता, त्याची गोष्ट. हातवारे करून, नाक उडवून. टपालवालीला शब्द कळला नाही, पण बाई कळली. मग तिने तिच्या भाषेत काहीतरी सुरू केलं, त्यात बहुतेक एक कुत्रा होता आणि तो कोटाला लोंबकळत होता. दोघी इतक्या हसल्या की वहिनीने भाषांतराचा नाद सोडून दिला. कोट मोकळा पडला होता, मुठी उघड्या होत्या. आणि खाली वेल्डरीण दोन्ही अंगठे गुडघ्याच्या वाटीखाली दाबून, ओठ मुडपून, प्लास्टर घट्ट होण्याची वाट बघत होती.

बुधवारी साच्यात प्लास्टर ओतून पायाची पांढरी प्रतिकृती निघाली. वेल्डरीण तिच्यावर कानस चालवत होती. हाड टोचतं तिथे थर चढवायचा, भार पेलतो तिथे खरवडायचं. बापू तीनदा तिच्याजवळ गेला आणि तीनदा खिशात हात घालून परत आला. दुपारी भट्टीत प्लास्टिकचा जाड पत्रा तापला. आधी दुधासारखा पांढरा, मग धुरकट, मग काचेसारखा आरपार. तो एकट्याने उचलता येत नाही. वेल्डरणीने हातमोजे चढवले, दुसरी जोडी बापूकडे फेकली आणि एकच शब्द बोलली.

"काय म्हणाली?" अक्काने विचारलं.

"'धर' म्हणाली," वहिनी म्हणाली. दोघी नणंद-भावजया एकमेकींकडे न बघता हसल्या. लग्नाला चौदा वर्षं झाली होती. चौदा वर्षांत त्या एकत्र अशा किती वेळा हसल्या, ते बोटांवर मोजता आलं असतं.

संध्याकाळी अक्का मांडीवरचा पट्टा शिवत बसली. पाय गुडघ्याच्या वर धरून ठेवणारा हा जाड कापडी पट्टा आत्तापर्यंत तयार यायचा आणि सगळ्यांना सारखाच लागायचा. तिने तो उसवून टपालवालीच्या मापाने नव्याने बेतला होता. बाबा शेजारी पायाच्या जोडाचा शेवटचा तुकडा घासत होते. लेथ बंद होता, आणि त्यांचे हात थरथरत होते. त्यांनी लपवलं नाही.

"तुझी आई गेल्यावर त्या घरात मला बसवेना," ते अचानक म्हणाले.

"मलाही बसवत नव्हतं, बाबा. पण मी बसले."

कानस थांबली.

"तुला विचारायला हवं होतं."

"हो. हवं होतं."

"मला वाटलं, तुझा वर्ग, तुझी गिऱ्हाइकं... अक्का आहे, ती बघेल. आम्ही सगळेच असंच धरून चाललो. तुझ्या लहानपणापासून."

अक्काने दोरा दाताने तोडला. डोळे भरून आले होते, सुईचं नेढं दिसेना. "मी इथे तुमच्याशी भांडायला आले होते," ती म्हणाली. "आता हा पट्टा संपवायचाय. भांडायला वेळ कुठे आहे?"

बाबांनी तिच्या हातातून सुई घेतली. थरथरत्या हातांनी, डोळे बारीक करून, चार वेळा चुकून, पाचव्यांदा दोरा ओवला आणि सुई परत दिली.

शुक्रवारी मोठ्या बाई आल्या त्या नावाइतक्या मोठ्या नव्हत्या. ठेंगण्याशा, जाड तळाचे बूट घातलेल्या, काखेत वही. त्यांनी भट्टी बघितली, लेथ बघितला, वेल्डरणीला चार प्रश्न विचारले आणि उत्तरं लिहून घेतली. चहा नको म्हणाल्या. बापूचे कान लाल झाले.

मग टपालवाली आली. कुबड्यांशिवाय. दोन बूट, दोन पावलं, अंगात कोट. तो पाठीत आवळलेला होता. पाय गुरुवारी सकाळी लागला होता आणि तिने तो वहिनीने सांगितल्याप्रमाणे तासातासाने काढत-घालत घरी वापरला होता. वहिनीने तिला पडद्याआड नेलं, पेला काढून कातडी तपासली आणि बाहेर येऊन मराठीतच ओरडली, "नडगी स्वच्छ आहे! एक ओरखडा नाही!" मग भानावर येऊन तेच इथल्या भाषेत सांगितलं.

मोठ्या बाईंनी दांड्यांकडे बोट केलं. चालून दाखवा. टपालवालीने नाही म्हणून मान हलवली. दाराबाहेर ठेवलेली पिशवी तिने आणून खांद्याला लावली. टपालाची पिशवी. वस्तीचं आजचं टपाल तिने कचेरीतून मागून आणलं होतं.

"एकशे चाळीस पायऱ्या?" बापू ओरडला. "दुसऱ्याच दिवशी? अजिबात नाही!"

"तिने आठ महिने माझ्याकडे कुबड्यांवर जिन्याचा सराव केलाय," वहिनी म्हणाली. "ताकद आहे. प्रत्येक वळणावर मी तिला बसवीन. मी एक पायरी खाली राहीन."

"आणि पाय सुटला तर?"

मोठ्या बाईंनी वही मिटली. दोघांकडे बघून त्यांनी विचारलं, आणि वहिनीने अक्कासाठी पुटपुटून सांगितलं, "विचारतायत, इथे ठरवतं कोण?"

बापूने तोंड उघडलं. बाबा लेथला टेकून उभे होते. बापूने तोंड मिटलं आणि हात लांब करून वेल्डरणीकडे बोट दाखवलं.

वेल्डरणीने घाई केली नाही. खिशातून पाना काढला, खाली बसून घोट्याजवळचा स्क्रू पाव फेरा आवळला, पट्टा ओढून बघितला, टपालवालीला जागच्या जागी दोनदा वाकवलं. मग उठून हात पुसले आणि म्हणाली ते अक्काला वहिनीने सांगायच्या आधीच कळलं. "जा."

पायऱ्यांच्या तळाशी अक्काने बाबांना अडवलं. "तुम्ही इथेच. एकशे चाळीस आहेत."

"मोजल्यात मी," बाबा म्हणाले. पण थांबले. "अक्का, बापूचे अजून सहा महिने आहेत. वेल्डरणीला जोडाचं काम नीट शिकवायचं म्हणजे मला तेवढे लागतील. मग सगळे बरोबरच घरी जाऊ. चालेल तुला?"

"आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यायचं, आणि उपाशीपोटी कामाला यायचं नाही."

"कबूल."

वहिनी चार पायऱ्या चढली होती. तिथूनच वळून म्हणाली, "अक्का, तुम्हीही थांबाल का? माझ्या यादीत सात बायका आहेत. त्यांच्यातल्या चौघींचे पाय कपाटात पडून असावेत, असं मला आता वाटायला लागलंय. वर्गाचं काही करता येईल का बघा. नसेल जमत तर राहू दे, पण मी विचारतेय."

"शिवणवर्ग माझ्या मदतनीस बाई सहा महिने सांभाळतील," अक्का म्हणाली. "नाहीतरी त्यांना वाटतं की मी नसले की वर्ग जास्त चांगला चालतो. चढ आता, ती पुढे गेली बघ!"

टपालवाली खरंच पुढे गेली होती. पहिल्या वीस पायऱ्या कठड्याला धरून, एक एक करून. पहिल्या वळणावर ती नाइलाजाने टेकली, वहिनीने पट्टा बघितला. तिसाव्या पायरीवर पहिलं दार. तिने पत्र आत सरकवलं आणि दार दणादणा वाजवलं. बाहेर आलेल्या बाईने आधी पत्राकडे बघितलं, मग माणसाकडे, मग खाली बुटांकडे, आणि आत तोंड करून कोणाला तरी जोरात हाक मारली. ती हाक पायऱ्यांवरून वर गेली. खिडक्या उघडल्या. दुसऱ्या वळणावर एक म्हातारा खुर्चीच घेऊन बाहेर आला होता, टपालवालीला बसायला. ती बसली, त्याला त्याचं पत्र दिलं आणि पेटीचं झाकण दुरुस्त केलं नाही म्हणून बहुतेक चांगलं फैलावर घेतलं. म्हातारा रडत होता आणि हसत होता.

मागून बापू, अक्का आणि वेल्डरणीबरोबर चढणाऱ्या मोठ्या बाई साठाव्या पायरीवर धापा टाकत खाली बसल्या. त्यांनी वही गुडघ्यावर उघडली, एक कागद काढला, नाव लिहायची जागा रिकामी होती तिथे वेल्डरणीचं नाव लिहिलं, खाली सही ठोकली आणि कागद तिच्या हातात दिला. वेल्डरणीने तो दोनदा वाचला. मग कागद कोटाच्या आतल्या खिशात ठेवून बापूकडे वळली आणि काहीतरी फर्मावलं.

"काय म्हणते?" अक्काने त्याला विचारलं.

बापूच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, आणि तो ते पुसायच्या भानगडीत पडला नाही. "म्हणते, बघत काय राहिलायस, टपालवालीची पिशवी जड आहे, अर्धी तू घे."

पण पिशवी घ्यायला आधी तिला गाठायला हवं होतं. बापू दोन-दोन पायऱ्या चढत सुटला, अक्का त्याच्यामागे. शंभराव्या पायरीला तिला बरगडीत टोचायला लागलं. एकशे वीसला बापू कठड्याला धरून उभा राहिला. वर, अगदी वर, वहिनी एक पायरी खाली आणि तिच्या पुढे तो आवळलेला कोट. कठड्यावरचा हात आता सुटला होता. शेवटच्या वळणावर माणसं दुतर्फा उभी होती, आणि टपालवाली त्यांच्यामधून, कोणाकडे न बघता, हातातले पत्ते वाचत चालली होती.

शेवटच्या दारापाशी ती थांबली, दाराची घंटी वाजवली आणि ताठ उभी राहिली.

तेवढ्यात खालून हाक आली. एकशे चाळीस पायऱ्यांखालून, घसा फोडून मारलेली.

"अक्काऽऽ! पोचली का गंऽऽ?"

अक्काला श्वास पुरत नव्हता. तिने दोन्ही हात तोंडाभोवती धरले, कठड्यावरून वाकली आणि जन्मात कधी ओरडली नव्हती इतक्या जोराने ओरडली.

"पोचली, बाबाऽऽ! कधीचीच पोचली! आम्हीच मागे राहिलो!"